हिप बेल्ट सारखा घसरतो, खांदे जळतात: सॅक बाईच्या पाठीला बसत नसेल तर काय काय तपासायचं

कात्राबाईच्या खिंडीत पोचल्यावर बाकीचे पाणी प्यायला थांबले. मी थांबले ती सॅक वर घ्यायला. कमरेतून वाकायचं, छोटी उडी मारायची आणि सॅक हवेत असतानाच कमरेचा बेल्ट खसकन आवळायचा. दहा मिनिटं बरं वाटायचं. मग बेल्ट हळूहळू खाली, पार कुल्ल्यांवर, आणि सगळं वजन पुन्हा खांद्यांवर. रतनवाडीतून निघून रतनगड, कात्राबाई, कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगड गाठायचा हा आख्खा पट्टा मी अशा उड्या मारत केला. पाचनईत बसून टी-शर्टचा गळा बाजूला करून पाहिलं तर दोन्ही खांद्यांवर पट्ट्याच्या रुंदीचे लाल पट्टे उठले होते आणि उजव्या हाताची करंगळी बधिर होती.

ग्रुपमधल्या एका दादांनी निदान केलं, "वजन जास्त झालंय तुला." पटलं. पुढच्या ट्रेकला टॉवेल अर्धा कापला, टूथपेस्टची ट्यूब पिळून अर्धी केली, जास्तीचे कपडे काढले. अकरा किलोंवरून आठ किलोंवर आले. बेल्ट तरीही घसरला. मग मी व्यायामाच्या मागे लागले. खांदे थोडे दणकट झाले, बेल्ट घसरतच राहिला.

सॅक भावाची होती. साठ लिटरची, भक्कम, त्याने तिच्यावर दोन हिमालयन ट्रेक केलेले. तिच्यात खोट काहीच नव्हती. ती त्याच्या पाठीला बसत होती, माझ्या नाही, एवढंच. हे कळायला मला चार वर्षं आणि शिंप्याची एक टेप लागली.

आधी पाठ मोजा

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती लिटर?" दुसरा, "उंची किती?" लिटरने सॅकेत किती सामान मावेल ते कळतं. उंचीने फार काही कळत नाही, कारण उंचीत पाय येतात आणि सॅक पायांवर बसत नाही. सॅकेला लागतं ते पाठीचं माप, म्हणजे मानेच्या मुळापासून कमरेच्या हाडापर्यंतची लांबी.

हे माप स्वतःचं स्वतः घेता येत नाही, घरातल्या कुणाला तरी बोलवा. हनुवटी छातीला टेकवा. मानेच्या मुळाशी हाडाचा एक उंचवटा बोटाला लागेल. तो मानेचा सातवा मणका. कुणाला दोन उंचवटे लागतात. तसं झालं तर दोन्हींवर बोटं ठेवून मान सावकाश मागे न्यायची. बोटाखालून गायब होतो तो सहावा, जागेवर राहतो तो सातवा. तिथे पेनने ठिपका काढा.

आता खालचं टोक. इथे बायका हमखास चुकतात, मीही चुकले होते. परकराची नाडी जिथे बांधतो ती कंबर इथे धरायची नाही. आई मूल कडेवर घेते तेव्हा मूल ज्या हाडावर टेकतं, ते हाड. हंडा कमरेवर घेतला की तोही तिथेच टेकतो. नाडीच्या जागेपासून साधारण दोन-तीन बोटं खाली. भाजीवालीशी घासाघीस करताना ठेवतो तसे दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे, आणि तळवे दाबत दाबत खाली आणा. वरून हाडाची कडा लागली की थांबा. पाठीमागे दोन अंगठे जोडणारी आडवी रेघ कल्पा. ती रेघ कण्याला जिथे छेदते तिथे दुसरा ठिपका.

दोन ठिपक्यांमधलं अंतर टेपने मोजा. टेप ताणू नका, पाठीच्या वळणावरून सोडा. दोन-तीनदा मोजा, कारण पहिल्यांदा आपण उगाच ताठ उभं राहतो.

आमच्या घरी एका रविवारी सगळ्यांचीच मापं झाली. मी पाच फूट तीन इंच, पाठ 41 सेंमी. भाऊ पाच-आठ, त्याची 49. नणंद माझ्यापेक्षा चांगली तीन इंच उंच, म्हणून तिला नेहमी मोठी सॅक मिळायची. तिची पाठ भरली 42. सगळी उंची पायांत. आणि वहिनी, जी पाच-एकची आणि सगळ्यांत बुटकी, तिची 44. म्हणजे उंचीवरून सॅक दिली असती तर तिघींपैकी एकीलाही धड बसली नसती.

आता सॅकेचं माप घ्या. खांद्याचे पट्टे पाठीच्या गादीला जिथे जोडलेत तिथपासून हिप बेल्टच्या उंचीच्या मध्यापर्यंत. हे अंतर तुमच्या पाठीपेक्षा दोन-चार सेंमी कमी असलं तर ठीक, कारण पट्ट्यांचा जोड मानेच्या त्या मणक्याच्या जरा खालीच यायला हवा. भावाच्या सॅकेत हे अंतर 47 भरलं. माझ्या 41 च्या पाठीवर 47 ची सॅक. बेल्ट हाडावर ठेवला तर पट्टे खांद्यांच्या वर तरंगणार, पट्टे खांद्यांवर टेकवले तर बेल्ट कुल्ल्यांवर जाणार. मधली वाटच नाही. मी चार वर्षं उड्या मारून ती शोधत होते.

लेबलवरच्या 'स्मॉल', 'मीडियम'वर फार विसंबू नका. एका कंपनीचा मीडियम दुसरीचा स्मॉल असतो. सेंटीमीटर किंवा इंच कुठे लिहिलेत ते शोधा, नसतील तर स्वतः मोजा.

वजन कमरेवर का?

कारण कमरेच्या हाडाखाली थेट पाय आहेत. खांद्यावरचं वजन मान, पाठ, कणा सगळ्यांना वाकवत खाली येतं. नीट बसलेल्या सॅकेचं साधारण 70 ते 80 टक्के वजन बेल्टवर असतं. खांद्याचे पट्टे सॅक मागे पडू नये म्हणून धरून ठेवण्यापुरते. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल गावी 1952 मध्ये डिक केल्टी नावाचा सुतारकाम करणारा माणूस घरच्या घरी ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या सॅक बनवून विकायला लागला. त्याच्याबद्दल सांगतात की एका भटकंतीत फ्रेमची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत अडकवल्यावर खांदे एकदम हलके झाले आणि तिथून वजन कमरेवर घ्यायचं डोक्यात बसलं. त्या सुरुवातीच्या सॅकांचं कापड शिवत होती त्याची बायको. तिच्या पाठीला त्या बसायच्या का, हे मला फार विचारावंसं वाटतं.

दोष शोधण्याआधी नीट घाला

अर्ध्या तक्रारी सॅकेच्या नसतात, घालण्याच्या क्रमाच्या असतात. आपल्याकडे सवय अशी की आधी खांद्याचे पट्टे करकचून ओढायचे आणि बेल्ट शेवटी, जमला तर. शाळेच्या दप्तराची सवय ती.

घरीच करून पाहा. सॅकेत खरं वजन घाला. पाच किलोंची तांदळाची पिशवी, पाण्याच्या दोन-तीन बाटल्या आणि बाकी पोकळी भरायला गोधडी. रिकाम्या सॅकेवर कसलंही निदान होत नाही, रिकामी सॅक सगळ्यांनाच बसते. सगळे पट्टे पूर्ण सैल करा. सॅक पाठीवर घ्या, किंचित वाका आणि बेल्टची रुंदी त्या कडेवरच्या हाडावर मध्यावर येईल अशी ठेवून बकल लावा, घट्ट करा. बेल्टचा वरचा काठ हाडाच्या वर एक-दीड बोट हवा. आता खांद्याचे पट्टे ओढा, पण सॅक पाठीला टेकेपर्यंतच. मग खांद्यावरून मागे सॅकेच्या माथ्याकडे जाणारे दोन बारीक पट्टे, म्हणजे लोड लिफ्टर, थोडे ओढा. शेवटी छातीचा पट्टा, हलकासा. तो आवळायचा नसतो, श्वास मोकळा राहिला पाहिजे.

आता खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घाला. सहज जात असतील आणि वजन कमरेवर जाणवत असेल तर बरं आहे. सोसायटीचे जिने वीस मिनिटं चढा-उतरा. लिफ्टजवळ शेजारी विचारतातच, "कुठे निघालात?" सांगायचं, तिसऱ्या मजल्यावर.

तरीही बेल्ट घसरतोय

हे सगळ्यांत जास्त विचारलं जातं आणि त्याची कारणं चार-पाच आहेत. त्यामुळे एकेक बाद करत जायचं.

पाठीचं माप जुळतंय का ते वर झालंच. सॅक लांब असेल तर बेल्ट कितीही आवळा, पट्टे त्याला खाली ढकलतात.

माप जुळत असेल तर बेल्टच्या पुढे बघा. पूर्ण आवळल्यावर दोन्ही बाजूंच्या गाद्या बकलपाशी एकमेकींना भिडतात का? भिडत असतील तर बेल्टच तुम्हाला मोठा आहे. आणखी आवळायला जागाच उरली नाही. मधे निदान चार बोटांचं अंतर राहायला हवं. बारीक बायकांच्या बाबतीत हे कारण इतकं नेहमीचं आहे की मी आता माप घेण्याआधीच आधी बकल बघते. उलट, गाद्या कमरेच्या पुढच्या टोकापर्यंत पोचतच नसतील आणि तिथे नुसता पट्टाच रुतत असेल, तर बेल्ट लहान आहे.

तिसरं कारण आकाराचं. पुरुषाची कंबर साधारण डब्यासारखी सरळ असते, आपली खाली फाकत जाते, उलट्या ठेवलेल्या फुलपात्रासारखी. सरळ बेल्ट अशा कमरेवर आवळला की त्याचा खालचा काठ रुततो आणि वरच्या काठाशी फट राहते. बेल्ट आवळून वरच्या काठाशी बोट घाला. आख्खं बोट सैल जात असेल आणि खाली मात्र वळ उठत असेल, तर हेच. बायकांसाठीच्या सॅकांत बेल्टच्या दोन बाजू तिरक्या बसवलेल्या असतात, त्या याचसाठी. काही बेल्टमध्ये ही तिरीप हाताने बदलता येते: गादीतून वर आणि खाली असे दोन वेगळे पट्टे बकलकडे येतात, वरचा जरा जास्त ओढायचा.

आणि चौथं कारण आपल्या पावसाळ्याचं. बेल्टखाली रेनकोट किंवा पाँचो असेल तर बेल्ट तेलावर ठेवल्यासारखा घसरतो. गुळगुळीत लेगिंगवरही तेच. पाँचो सॅकेच्या वरून घ्या आणि जॅकेट असेल तर त्याचा खालचा भाग वर उचलून बेल्ट आत, थेट टी-शर्टवर बांधा. हे एवढं करून घसरणं थांबलेल्या दोघी मला माहीत आहेत. दोघींनी नवी सॅक घ्यायची ठरवली होती.

खांद्याच्या मागे फट, किंवा खांदे दबतात

आरशात बाजूने बघा, नाहीतर कुणाला तरी फोटो काढायला सांगा. बेल्ट हाडावर असताना खांद्याचा पट्टा खांद्यावरून वळून पाठीला चिकटून खाली यायला हवा. मागे फट दिसत असेल तर सॅक लांब. पट्टा पाठीवर खूप खालपर्यंत उतरून मग जोडला असेल, लोड लिफ्टर जवळजवळ आडवे असतील आणि बेल्ट पोटाकडे वर चढत असेल तर सॅक आखूड. लोड लिफ्टर खांद्यापासून सॅकेकडे साधारण 45 अंशांत चढायला हवेत. थोडं इकडे-तिकडे चालतं.

पट्टे खांद्यांवरून बाहेर, दंडांकडे घसरत असतील तर लांबीचा प्रश्न नाही. दोन पट्ट्यांमधलं अंतर तुमच्या खांद्यांना जास्त आहे. छातीचा पट्टा आवळून ते आत ओढून ठेवणं हा तात्पुरता इलाज. दिवसभर तसं चाललात तर श्वास कोंडल्यासारखा वाटतो आणि चढणीवर उगाच स्वतःच्या दमाला दोष दिला जातो.

छातीचं सरळच बोलते, कारण दुकानात हे कुणी बोलत नाही. सरळ पट्टे बायकांना दोनच पर्याय देतात: छातीवरून जाऊन ती दाबायची, नाहीतर बाहेरून जाऊन काखेत घासायचं. बायकांच्या सॅकांचे पट्टे वळणदार असतात, म्हणजे छातीच्या बाजूने वळून पुन्हा आत येतात. छातीचा आडवा पट्टा वर-खाली सरकतो, हे कित्येकींना ठाऊकच नसतं. तो छातीच्या वर, गळ्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटांवर आणा. सरकत नसेल तर कडी दाबून धरून सरकवा, नव्या सॅकेत ती घट्ट असते. मंगळसूत्र याच पट्ट्याखाली अडकतं. माझं एकदा कळसूबाईच्या शिडीवर वाकल्यावर बकलमध्ये गुंतलं, पुढचा माणूस वर आणि मागचे खाली खोळंबले. तेव्हापासून ते घरीच राहतं, नाहीतर गळ्यातल्या रुमालात बांधून.

सॅक मागे ओढते, मान वर होत नाही

मागे ओढणं बहुतेक वेळा भरण्याची चूक. चार लिटर पाणी म्हणजे चार किलो आणि ते बाहेरच्या खिशात ठेवलं की सॅक मागे झुकते. जड वस्तू पाठीला लागून, पाठीच्या मधल्या भागात हव्यात. पाणी, तांदूळ-डाळ, स्टोव्ह तिथे. स्लीपिंग बॅग तळाशी, कपडे बाहेरच्या बाजूला. आखूड पाठीच्या बाईला याचा त्रास जास्त होतो, कारण तेवढंच सामान कमी उंचीत मावताना सॅक मागे फुगते.

कडा चढताना वर बघितलं की डोकं सॅकेच्या टोपीवर, म्हणजे वरच्या झाकणावर आपटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा टोपीत कोंबलेलं सामान असतं. नाहीतर तुमचा आंबाडा. हसू नका, रतनगडाच्या शिड्यांवर मला हे अर्धा तास कळलं नव्हतं. दोन वेण्या घाला किंवा एक वेणी पुढे घ्या. फ्रेमच डोक्याच्या वर येत असेल तर मात्र पुन्हा पाठीच्या मापाकडे जा.

वळ, पुरळ, मुंग्या

कमरेच्या हाडावर काळानिळा डाग पडला तर सॅकेआधी पँट तपासा. नाडीची गाठ, जीन्सचा लूप, खिशाचा रिव्हेट, मोबाइल, किल्ल्या, यांतलं काहीही बेल्टखाली असेल तर बेल्ट ते दिवसभर हाडात दाबत राहतो. ट्रेकला इलॅस्टिकची सपाट कंबर असलेली पँट चांगली. खांद्यावर एकाच बिंदूत दुखत असेल तर ब्राच्या पट्टीची प्लास्टिकची कडी सॅकेच्या पट्ट्याखाली येते का बघा. कडी मागे सरकवा किंवा कडी नसलेली स्पोर्ट्स ब्रा घाला. सिझेरियनचा टाका असेल आणि बेल्ट खाली घसरत असेल तर बकल थेट त्यावर घासतं. तेव्हा घसरणं थांबवेपर्यंत मोठी सॅक नकोच.

हाताच्या बोटांना मुंग्या येणं किंवा करंगळी बधिर होणं सोसत चालू नका. खांद्याचे पट्टे खांद्यापासून हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब देतात तेव्हा असं होतं. मी त्या वेळी "होतं असं" म्हणून सोडून दिलं, ते चुकलंच. थांबा, पट्टे सैल करा, वजन बेल्टवर घ्या. सॅक उतरवूनही बधिरपणा राहिला किंवा हातातली ताकद कमी वाटली तर डॉक्टरांना दाखवा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला जळजळ किंवा बधिरपणा येत असेल तर बेल्ट कमरेच्या पुढच्या टोकदार हाडावर फार आवळला गेलाय. एक-दोन खाचा सैल करा.

तुमची सॅक कदाचित बदलते, तुम्हाला सांगितलेलं नसतं

नणंदेची सॅक नवी, चांगल्या कंपनीची, तीन वर्षं वापरलेली. "वहिनी, ही मला मागे ओढते," ही तिची कायमची तक्रार. तिची 42 ची पाठ मोजून झाल्यावर मी तिच्या सॅकेची पाठ चाचपली. गादीमागे एक खोबण होती, आत हात घातला तर वेल्क्रो. खांद्याचे पट्टे त्या वेल्क्रोवर बसवलेले होते आणि कारखान्यातून आले तसे सगळ्यांत वरच्या खुणेवर होते. तीन वर्षं! खोबणीच्या आत बारीक अक्षरांत एस, एम, एल छापलं होतं.

हा वेल्क्रो नुसत्या हाताने सुटत नाही. शाळेची स्टीलची पट्टी किंवा जुनं लॅमिनेट केलेलं कार्ड मधे सरकवत न्या, एकेक बाजू मोकळी होते. मग पट्टे खाली घ्या आणि वेल्क्रो जोरात दाबून बसवा, अर्धवट बसला तर चढणीवर सुटतो. काही सॅकांत वेल्क्रोऐवजी शिडीसारख्या पट्ट्या असतात, काहींत एक पट्टा ओढला की जोड खाली येतो. तुमच्या सॅकेत असं काही आहे का हे बघायला पाठीची गादी ओढून, वाकवून, मागे हात घालून बघा. नणंदेला पट्टे दोन खुणा खाली घेऊन जिने चढायला लावलं. तिसऱ्या मजल्यावरून ओरडली, "अगं, ही हलकी झाली!" तांदूळ तेवढेच होते.

दुरुस्ती करून भागेल का?

बेल्ट मोठा असेल तर भागतं. जुन्या कॅरीमॅटचे, म्हणजे खाली अंथरायच्या फोमच्या चटईचे, दोन तुकडे बेल्टच्या आतून शिवून घ्या, कंबर तेवढी जाड होते. अर्ध्या तासाचं काम आहे आणि सॅक-छत्र्या दुरुस्त करणारा कुणीही ते करतो. काही सॅकांचा बेल्ट काढून दुसऱ्या मापाचा घालता येतो, तेही विचारा.

खांद्याचे पट्टे उसवून खाली शिवून घेणं मात्र मी करणार नाही. मोचीदादा शिवून देतील, शिवण घट्टही असेल, पण मूळ जोडाच्या मागे फ्रेमला धरणारं जाड कापड असतं, ते दोन इंच खाली नसतं. आठ-दहा किलोंचा झटका बसल्यावर कापडच फाटतं. कड्यावर एका बाजूचा पट्टा सुटणं परवडणारं नाही.

नवी घ्यायचीच असेल तर

आधी आपलं सेंटीमीटरचं माप घेऊन जा. मग बायकांची सॅक किंवा पुरुषांची लहान मापाची, दोन्ही घालून बघा. बायकांचीच हवी असा हट्ट नको. सरळ कंबर आणि रुंद खांदे असलेल्या बाईला पुरुषांची लहान सॅक जास्त बरी बसते, आणि अरुंद खांद्यांचे, आखूड पाठीचे कित्येक पुरुष बायकांची सॅक घेऊन खूश असतात. डॉयटर कंपनीच्या सॅकेवर 'एसएल' असं असलं की ती बायकांच्या अंगाची. ऑस्प्रेची एथर पुरुषांची तर एरिएल बायकांची, ग्रेगरीची बाल्टोरो पुरुषांची तर डेव्हा बायकांची. डेकॅथलॉनमध्येही बायकांच्या वेगळ्या सॅक आहेत. नुसता जांभळा किंवा गुलाबी रंग देऊन 'लेडीज' लिहिलेली सॅकही बाजारात मिळते. पट्ट्यांचं वळण आणि बेल्टची तिरीप बघा, रंग नका बघू.

दुकानात वजन घालायला सांगा. ट्रेकिंगच्या दुकानात वाळूच्या पिशव्या असतात, नसतील तर दुकानातल्या दोऱ्या आणि तंबू भरा. वीस मिनिटं तरी पाठीवर ठेवा, पायऱ्या चढा, खाली वाकून बुटाची नाडी बांधा, हात वर करून शिडी धरल्यासारखं करा. विक्रेता कंटाळेल, कंटाळू दे. ट्रेकला नेता तोच टी-शर्ट, तीच पँट, तीच ब्रा घालून जा. किती वजन घ्यायचं याचा ढोबळ ठोकताळा असा की मुक्कामी ट्रेकला स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जायचं नाही. पंचावन्न किलोंच्या बाईला अकरा किलो. तेवढ्याला पन्नास लिटरच्या आसपासची सॅक पुरते, सत्तरची घेतली की ती भरली जातेच.

हिमालयात बेस कॅम्पवर भाड्याने सॅक घेणार असाल तर आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्या, सकाळी निघताना नको. ढिगातून पहिली उचलायच्या आधी टेप काढा. मी आता शिंप्याची टेप फर्स्ट एडच्या डबीत ठेवते, तिचं वजन काहीच नाही.

शेवटी एक छोटी गोष्ट, जी मला फार उशिरा सुचली. एकदा सगळे पट्टे मनासारखे बसले की प्रत्येक पट्टा बकलमधून जिथे बाहेर येतो तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या. पावसाने जात नाही. परवा भाऊ माझी नवी सॅक घेऊन राजगडाला जाऊन आला. परत आली तेव्हा सगळे पट्टे त्याच्या खांद्यांच्या मापाला, आणि बाहेरच्या खिशात त्याची अर्धी खाल्लेली चिक्की. पाच मिनिटांत सगळे लाल ठिपके पुन्हा बकलांशी आणले. चिक्की मी संपवली.